तीस किलोची मोळी, चार सेंटिमीटरची नळी

दिवाळी सरली की शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बहुतेक बीडकडच्या, नगरकडच्या. न्हावरे, पाटस, आलेगाव ही इथली कारखान्यांची गावं. कारखाने कधी चालू, कधी बंद, कधी दुसऱ्याला चालवायला दिलेले. पण घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस उभा आहे तोवर टोळ्या येतातच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रॅक्टरपर्यंत किंवा टायरगाडीपर्यंत नेऊन देते. मोळी तीस किलोची, कधी चाळीसचीही.

मोळी उचलण्याचा तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. बाई उकिडवी बसते, डोक्यावरची चुंबळ सारखी करते, मोळीखाली डोकं घालते. दुसरी बाई मागून हात लावते. उठताना श्वास छातीत धरलेला, दात आवळलेले, पोट ताठ. त्या एका सेकंदाच्या आत पोटातला दाब एकदम चढतो आणि थेट मूत्राशयावर बसतो. मूत्राशयातून बाहेर पडायची वाट एकच, आणि बाईच्या शरीरात ती जेमतेम तीन ते चार सेंटिमीटर लांबीची. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या परकराला अशा वेळी ओल लागते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि कपडा बदलायला कोपीपर्यंत, म्हणजे टोळीच्या झोपडीपर्यंत, जायचं तर काम थांबतं. ती परकराचा घोळ मागे सारते आणि पुढच्या मोळीकडे वळते.

शेजारी तिचा नवरा तेच ओझं उचलतो, तसाच खोकतो, तितकाच शिंकतो. त्याला काही होत नाही. आणि गावी मागे राहिलेला त्याचा सत्तरीचा बाप कधी काही उचलत नाही, तरी त्याचं धोतर रात्रभर थेंबाथेंबानं ओलं होतं. तिचं आणि सासऱ्याचं, दोन्ही दुखणी लघवीचीच, पण त्यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. हे नीट कळलं नाही की मग बाईची गर्भपिशवी निघते आणि म्हाताऱ्याची किडनी जाते. दोन्ही टाळता येण्यासारखं असतं.

यंत्रणा आधी समजून घेऊ. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी तिच्यात मावते. ती भरत असताना पिशवीचा स्नायू सैल राहायला हवा आणि खालची नळी आवळलेली. लघवीच्या वेळी नेमकं उलट. नळी आवळून धरणाऱ्या गोल स्नायूला डॉक्टर स्फिंक्टर म्हणतात, आणि पुस्तकात दोन स्फिंक्टर शिकवतात: आतला आणि बाहेरचा. आतला मूत्राशयाच्या मानेशी असतो. तो आपल्या इच्छेनं चालत नाही. हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेच्या ताब्यात असतो. बाहेरचा थोडा खाली असतो आणि हातापायांच्या स्नायूंसारखा आपल्या हुकमात असतो. लघवी लागली आणि एसटी अजून यवतलाच आहे, तेव्हा आपण आवळतो तो हा.

पण पुस्तकातलं हे चित्र नीट लागू पडतं ते पुरुषाला. पुरुषात मूत्राशयाच्या मानेभोवती गोल तंतूंचं जाड, ठसठशीत कडं असतं. त्याचं मूळ काम लघवी अडवणं हेच आहे असंही नाही. वीर्यस्खलनाच्या वेळी ते घट्ट मिटतं म्हणून वीर्य मागे मूत्राशयात जात नाही, पुढे येतं. प्रजननासाठी घडलेली ही सोय पुरुषाला लघवी रोखायलाही आयती मिळाली. तिच्याखाली प्रोस्टेट ग्रंथी, तिच्याखाली बाहेरचा स्फिंक्टर, आणि मग पुढची लांब नळी. सगळी मिळून लांबी १८ ते २० सेंटिमीटर.

बाईला हे आतलं कडं असं मिळालेलंच नाही. तिच्या मूत्राशयाच्या मानेशी अनैच्छिक स्नायू आहेत, पण त्यांचे तंतू बरेचसे नळीच्या लांबीच्या दिशेनं उभे. गोल आवळणारी पक्की पट्टी तिथे दिसत नाही. प्रोस्टेट नाही. राहता राहिला बाहेरचा स्फिंक्टर. तोही पूर्ण वर्तुळ नाही. नळीच्या मधल्या भागावर पुढून आणि बाजूंनी जाड, मागे योनीच्या बाजूला पातळ. नळीच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं एक मऊ जाळं असतं, ते फुगलेलं असलं की नळी आतून मिटायला मदत होते. हे जाळं आणि अस्तर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसलं जातं. पाळी जाते तेव्हा हा आधार हळूहळू सुकतो. म्हणजे बाईचा बराचसा भार एका अर्धवर्तुळाकार स्नायूवर, आणि त्याच्या मदतीला खालून ओटीपोटाचा तळ.

हा स्नायू चिवट असतो हे मात्र खरं. त्याचे बहुतेक तंतू मंद गतीचे, न थकता तासन्‌तास आवळून राहणारे. झोपेतही ते काम सोडत नाहीत. त्यांना हुकूम देणाऱ्या पेशींचा छोटासा पुंजका पाठीतल्या मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, माकडहाडाच्या वरच्या मज्जातंतूंच्या पातळीवर असतो. १८९९ साली ओनुफ नावाच्या संशोधकानं तो दाखवून दिला, म्हणून त्याला ओनुफचं केंद्र म्हणतात. पुरुषात या केंद्रात पेशींची संख्या बायकांपेक्षा जास्त भरते. या पेशी मोठ्या हट्टी. एएलएस या आजारात हातपाय लुळे पडतात, गिळणं, बोलणं जातं, पण लघवीवरचा ताबा बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतो, कारण तो आजार या केंद्राला सहसा हात लावत नाही.

मग बाईचं बिनसतं कुठे? पहिलं बाळंतपणात. बाळाचं डोकं खाली उतरताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्यांच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, काहींचे हाडापासून सुटतात, आणि स्फिंक्टरला जाणारी पुडेंडल नस खेचली जाते. चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात हे जास्त. नॉर्वेत पंधरा हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. मूलच न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के, सिझेरियन झालेल्यांपैकी १६ टक्के आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांपैकी २१ टक्के स्त्रियांना लघवी गळण्याचा त्रास होता. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. बाळंतपणामुळे प्रमाण दुप्पट होतं हे खरं; पण ज्यांना मूलच झालं नाही त्यांच्यातही दहात एक आहेच. म्हणून 'सिझर करून घ्या, त्रासच नको' हा सल्ला जितका हुशारीचा वाटतो तितका नाही. वय, अंगावरचं वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांचाही वाटा आहेच. आपल्याकडे त्यात चुलीचा धूर मिसळा. वर्षानुवर्षं धुरात बसून खोकणाऱ्या बाईचा स्फिंक्टर दिवसातून किती वेळा परीक्षेला बसतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

नेमका दोष स्नायूचा की त्याखालच्या आधाराचा, यावर डॉक्टरांत बरीच वर्षं वाद होता. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन डिलान्सी यांनी १९९४ मध्ये झोळीचा सिद्धान्त मांडला. मूत्रनळी ओटीपोटाच्या तळाच्या पडद्यावर टेकलेली असते. खोकल्याचा दाब वरून आला की नळी त्या पडद्यावर दाबली जाऊन मिटते. पाणी चालू असलेला पाइप कडक जमिनीवर पायानं दाबला की पाणी थांबतं, आणि चिखलात दाबला की पाइप नुसता रुतून बसतो, पाणी चालूच. उसाला पाणी देणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. बाळंतपणानं जमिनीचा चिखल होतो, असा या सिद्धान्ताचा अर्थ. तो पटणारा होता आणि शस्त्रक्रियाही त्याच धर्तीवर झाल्या: नळीखाली पट्टी टाकून आधार द्यायचा. पण २००८ मध्ये याच डिलान्सींच्या गटानं खोकल्याबरोबर लघवी जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या स्त्रियांची शेजारी शेजारी मापं घेतली, तेव्हा सर्वांत मोठा फरक निघाला तो आधारात नव्हे, नळीच्या स्वतःच्या आवळण्याच्या दाबात. त्रास असलेल्या स्त्रियांत हा दाब सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होता. स्वतःच्याच सिद्धान्ताला असं दुसऱ्या जागी बसवायला मोठं मन लागतं. आधार महत्त्वाचा राहिलाच, पण स्नायूचा नंबर पहिला लागला.

आणि स्नायू म्हटला की तो वयानुसार झिजतो, तसा व्यायामानं कमावताही येतो. याकडे परत येऊ. आधी त्या म्हाताऱ्याचं पाहू.

पुरुषाची वाट इतकी राखलेली आहे की त्याचं दुखणं बहुधा उलट्या बाजूनं येतं. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढू लागते. नळी तिच्या मधूनच जाते, म्हणून वाट आवळत जाते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, संपली असं वाटून उठलं की पुन्हा चार थेंब. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. मूत्राशय जोर लावून लावून शेवटी थकतं, पूर्ण रिकामं होतच नाही. काही वर्षांनी ते सदा तुंबलेलं राहतं आणि वरचं जादा तेवढं थेंबाथेंबानं बाहेर येतं. घरच्यांना वाटतं, बाबांना लघवी फार होते, ताबा सुटला. खरं तर त्यांना लघवी होतच नसते. ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत चढलेला मऊसर गोळा लागतो. तुंबलेल्या पाण्याचा दाब मागे किडन्यांवर जातो, आणि हे सगळं बहुधा दुखल्याशिवाय. 'वय झालं' म्हणून लंगोटासारखं फडकं बांधून देणाऱ्या घरांत किडनी निकामी झाल्यावरच डॉक्टर गाठला जातो.

पुरुष आणि स्त्री यांच्यातला आतल्या कड्याचा फरक औषधांतून फार स्पष्ट दिसतो. प्रोस्टेटच्या रुग्णाला टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात. ती मूत्राशयाच्या मानेतले आणि प्रोस्टेटमधले अल्फा नावाचे ग्राहक बंद करते, आतलं कडं सैल पडतं, धार सुधारते. कडं मिटेनासं झाल्यानं काहींचं वीर्य बाहेर येईनासं होतं. घाबरण्याचं कारण नसतं, पण आधी सांगितलेलं बरं. याच जातीचं जुनं औषध म्हणजे प्राझोसिन. मराठी वाचकाला ते एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असायला हवं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर तेच वापरून कोकणातले मृत्यू झपाट्यानं खाली आणले आणि ते काम जगभर पोचवलं. विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्यांवर जो कहर होतो तो ज्या ग्राहकांमार्फत, तेच ग्राहक मूत्राशयाच्या मानेत आहेत. प्राझोसिन पूर्वी रक्तदाबासाठी सर्रास देत, आणि ते घेणाऱ्या काही स्त्रियांना खोकल्याबरोबर लघवी जाऊ लागल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तिच्याकडे आधीच जो आधार थोडका, तोच गोळीनं सैल केला. पुरुषाला मोकळं करणारी गोळी बाईला ओलं करते.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेनं शिकवली. प्रोस्टेटची गाठ दुर्बिणीतून काढतात तेव्हा पुरुषाचं आतलं कडं बहुधा जातंच. तरी लघवी गळत नाही, कारण बाहेरचा स्फिंक्टर शाबूत असतो. नळीच्या आत एक छोटासा उंचवटा असतो, त्याच्या खाली हत्यार न्यायचं नाही ही सर्जनची लक्ष्मणरेषा. कॅन्सरसाठी अख्खी प्रोस्टेट काढली तर मात्र आतलं कडं आणि प्रोस्टेट दोन्ही जातात, बाहेरच्या स्फिंक्टरलाही थोडाफार धक्का बसतो, आणि कित्येक पुरुषांना काही महिने खुर्चीवरून उठताना, खोकताना लघवी जाते. म्हणजे ऑपरेशननं पुरुष त्या जागी आला जिथे बाई जन्मापासून आहे: एकाच स्नायूच्या भरवशावर. आणि त्याला पहिला उपाय सांगतात तोच, जो बाईला सांगायला हवा. ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात साहेबांना त्यासाठी फिजिओथेरपिस्ट मिळतो. फडातल्या बाईला काय मिळतं, ते सांगतो.

तिला आधी गप्प बसणं मिळतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं, तर ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवी गळण्यावर नव्हता, पण मौन किती खोल आहे ते त्यानं मोजून दाखवलं. आपल्याकडे बाई सांगतेच तर आडून सांगते: खोकलं की होतं, अंग बाहेर येतं, ताबा राहत नाही. उन्हाळी लागली हे ती सांगेल, कारण त्यात लाज नाही. गळतं हे सांगणार नाही. मग ती स्वतःच उपाय करते, पाणी कमी पिते. लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, जंतू वाढतात, आणि गळण्याला घाईची जोड मिळते: लागली की थांबतच नाही. त्यात शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे, माणसांवर हल्ले झाले आहेत. अंधारात कोपीबाहेर जायला बाई धजत नाही, रात्रभर लघवी धरून ठेवते. मुंबईत २०११ पासून बायकांच्या मुतारीसाठी 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. कारखान्यात बायकांसाठी वेगळी सोय हवी असं १९४८ च्या कारखाना कायद्यानंच सांगून ठेवलं, त्यामुळे रांजणगाव एमआयडीसीतल्या कामगार बाईला निदान बोट दाखवायला कलम आहे. फडाला तेही नाही. ऊस कारखान्याचा, पण फड कारखान्यात मोडत नाही.

दुसरं तिला मिळतं ते ऑपरेशन, आणि तेही चुकीचं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं, अंग बाहेर येतं, पाळीत खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सगळ्यावर एकच तोड. याच बायका शिरूर-दौंडच्या फडात येतात. पिशवी काढून लघवी गळायची थांबत नाही; बिघाड पिशवीत नसतोच. उलट स्वीडनमध्ये दीड लाखाहून अधिक पिशवी काढलेल्या स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांना पुढे गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचं प्रमाण इतर स्त्रियांच्या दुपटीहून जास्त निघालं. तो अभ्यास २००७ चा. पिशवीबरोबर तिच्या आसपासचा आधार आणि नसाही दुखावतात. आणि अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद.

मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की पिशवी वाचवण्याची विद्या याच मुलखात घडलेली आहे. गोव्यातून मुंबईत आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला ठाऊक आहेत ते गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून गर्भ टिकवण्याच्या १९५० च्या दशकातल्या पद्धतीमुळे. पण तरुण बायकांचं अंग बाहेर येतं तेव्हा पिशवी न काढता तिला पट्टीनं मागे हाडाशी बांधून ठेवायची शस्त्रक्रियाही त्यांचीच. मुंबईच्याच पुरंदऱ्यांनी पोटाच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून दुसरी वाट दाखवली. दोन्ही नावं आजही प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ करावी लागतात. परीक्षेत लिहायची शिरोडकर स्लिंग, आणि खेड्यात सरसकट पिशवी काढायची, हा आपला व्यवहार.

आता व्यायाम. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून केगल व्यायाम. आपल्याकडे योगातला मूलबंध याच स्नायूंशी खेळतो, त्यामुळे कल्पना परकी नाही. करायचं एवढंच: चारचौघांत बसलेलो असताना वारा सरू नये म्हणून आपण गुदद्वार आत ओढून धरतो, तसं मागून सुरू करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, ढुंगण ढिले, श्वास चालू. सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं आठ-दहा वेळा. मग चार-पाच झटपट आवळणी. दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. भाकरी थापताना, बसमध्ये, अंथरुणावर, कुठेही. लघवी करताना धार मधेच तोडून सराव करायचा नाही. त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

नुसतं तोंडी सांगून मात्र भागत नाही. १९९१ मधल्या एका छोट्या अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं. नीट जमलं निम्म्यांना. १२ जणी तर उलट खाली जोर देत होत्या, ज्यानं गळती वाढेल. म्हणून एकदा तरी नर्सनं किंवा डॉक्टरनं तपासून 'हो, हाच तो स्नायू' असं सांगायला हवं. तेवढं झालं तर गुण चांगला येतो. ३१ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, त्यात खोकल्या-शिंकल्यानं लघवी जाणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के बऱ्या झाल्याचं सांगत होत्या. न केलेल्यांपैकी ६ टक्के.

त्यातली एक युक्ती तर ऊसतोडीच्या बाईसाठीच शोधल्यासारखी आहे. निरोगी शरीरात खोकला यायच्या आधीच, सेकंदाच्या पाव भागानं, नळीचा स्नायू आपोआप आवळला जातो. दाब येण्याआधी तयारी झालेली असते. बाळंतपणात नस ताणली गेली की ही वेळ चुकते, स्नायू उशिरा जागा होतो. मिशिगनच्याच जॅनिस मिलर यांनी १९९८ मध्ये ही वेळ जाणूनबुजून साधायला शिकवलं: खोकण्याच्या ऐन आधी आवळा, मग खोका. आठवड्याभराच्या सरावानं, स्नायूची ताकद वाढायला वेळच मिळाला नसताना, मध्यम खोकल्यात गळणारी लघवी जवळजवळ थांबली आणि जोराच्या खोकल्यातली तीन-चतुर्थांश कमी झाली. मोळीखाली डोकं घातलं, हात लागला, आता उठायचं. त्याच्या आधी आवळायचं, आणि उठताना श्वास कोंडायचा नाही, हळू सोडायचा. याला पैसा लागत नाही, खाडा पडत नाही.

व्यायामानं सगळ्यांचंच भागेल असं नाही. पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचा उपयोग होतो. अंग बाहेर येत असेल तर रबरी किंवा सिलिकॉनची कडी बसवता येते. नळीखाली जाळीची पट्टी टाकायची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली. गुण चांगला, पण जाळीच्या दुष्परिणामांच्या तक्रारींवरून इंग्लंडनं २०१८ मध्ये ती थांबवून ठेवली, त्यामुळे फायदे-तोटे विचारूनच निर्णय घ्यावा. घाईनं होणाऱ्या लघवीचं तंत्र वेगळं; तिथे बिघाड मूत्राशयाच्या स्नायूत असतो, औषधं वेगळी, आणि त्यात बाई-पुरुष भेद फारसा नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. खोकला नाही, जोर नाही, तरी दिवसरात्र एकसारखी ओल राहते, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा पिशवी काढल्यानंतर, तर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं. त्याला व्यायाम नाही, बहुधा शस्त्रक्रियाच लागते आणि ती बहुतेक वेळा यशस्वी होते. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कंबरदुखीबरोबर पायांत आणि बसायच्या जागी बधिरपणा, किंवा लघवी पूर्ण अडणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, पुढे लागलंच तर पुण्याचं ससून.

आणि एक घरगुती सूचना. सासऱ्यांच्या प्रोस्टेटच्या गोळ्यांची पट्टी कपाटात असते आणि 'लघवीचीच गोळी आहे' म्हणून ती सुनेला दिली जाते. देऊ नका. आणि सासऱ्यांचं धोतर ओलं होत असेल तर त्यांना फडकं बांधण्याआधी ओटीपोटाची एक सोनोग्राफी करून घ्या, लघवी केल्यावर आत किती उरते ते त्यात कळतं.